ईआयए अहवालात आरोग्य कुठं शोधायचं आणि सापडलं तर कसं तोलायचं

जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली की गावाच्या हातात तीस दिवस असतात. तेवढ्यात कारखान्याचा, खाणीचा किंवा वीज प्रकल्पाचा पर्यावरण परिणाम मूल्यांकन अहवाल, म्हणजे ज्याला सगळे ईआयए म्हणतात तो, मिळवायचा, वाचायचा आणि हरकत लिहायची. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, जिल्हा उद्योग केंद्र इथं बघायला ठेवणं बंधनकारक आहे. तो सहसा इंग्रजीत आणि काहीशे पानांचा असतो. मराठीत मिळतो तो कार्यकारी सारांश, आणि त्यात आरोग्याविषयी बहुतेक वेळा एवढंच असतं की प्रकल्पाचा लोकांच्या आरोग्यावर लक्षणीय परिणाम होणार नाही.

हे वाक्य कशावर उभं आहे हे तपासता येतं. त्यासाठी डॉक्टर किंवा इंजिनियर असण्याची गरज नाही, साधा कॅल्क्युलेटर आणि थोडा चिवटपणा पुरतो. अहवालातल्या प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायचे: हा आकडा कुठून आला, तो कुणाच्या शरीरापर्यंत पोचतो, आणि त्याच्यामुळे प्रकल्पात काय बदललं. पहिल्या दोन प्रश्नांवरून अहवालाचा दर्जा कळतो, तिसऱ्यावरून उपयोग. दर्जा चांगला आणि उपयोग शून्य असे अहवाल पुष्कळ असतात, म्हणून ही दोन मापं शेवटपर्यंत वेगळी ठेवावीत.

आधी आरोग्य अहवालात असतं कुठं ते बघू. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेच्या परिशिष्ट ३ मध्ये अहवालाचा साचा ठरवून दिलाय. प्रकल्पाचं वर्णन, सध्याच्या पर्यावरणाचं वर्णन, अपेक्षित परिणाम, पर्याय, देखरेख, व्यवस्थापन योजना अशी त्यात बारा प्रकरणं आहेत. आरोग्याचं स्वतंत्र प्रकरण त्यात नाही. त्यामुळे आरोग्य तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं मिळतं: हवेचे आकडे तिसऱ्या प्रकरणात, धुराचा अंदाज चौथ्यात, अपघाताचा धोका सातव्यात आणि दवाखान्याचा खर्च दहाव्यात. हे तुकडे जोडणारी साखळी बऱ्याचदा कुणीच लिहिलेली नसते. ती आपण जोडायला घेतली की मधल्या कड्या गायब असल्याचं लक्षात येतं.

पर्यावरण मंजुरीच्या अर्जासोबतचा फॉर्म १ मात्र आरोग्याबद्दल थेट विचारतो. त्याच्या तिसऱ्या भागात रोगांच्या प्रमाणात किंवा रोगवाहक कीटकांत बदल होईल का, आणि लहान मुलं, वृद्ध, रुग्णालयातले रुग्ण अशा नाजूक गटांवर परिणाम होईल का, असे प्रश्न आहेत. समोर नुसतं ‘नाही’ लिहिलं असेल तर त्याच अहवालाच्या नकाशात शाळा, अंगणवाड्या आणि उपकेंद्रं कुठं दाखवलीत ते बघावं. नकाशात दीड किलोमीटरवर आश्रमशाळा आणि फॉर्ममध्ये ‘नाही’, ही विसंगती हरकतीत पहिल्या क्रमांकावर लिहावी. फॉर्म १ मधली माहिती किरकोळ नसते. गोव्यातल्या मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली, तेव्हा फॉर्ममध्ये माहिती नीट उघड न केल्याचा मुद्दा त्या निकालाच्या केंद्रस्थानी होता. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह ती स्थगिती उठली, पण अर्जदाराने सगळं खरं आणि पूर्ण सांगितलंच पाहिजे हे तत्त्व कायम राहिलं. अधिसूचनेतही तरतूद आहे: जाणूनबुजून माहिती लपवली किंवा खोटी दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरी रद्द करता येते.

फिल्टरवरची धूळ

आता हवेचे आकडे. इथं थोडं थांबू, कारण आरोग्याचा बहुतेक निष्कर्ष यांच्यावरच टेकलेला असतो.

नेहमीची पद्धत अशी: पावसाळा सोडून एक ऋतू, म्हणजे तीन महिने, आठ-दहा ठिकाणी आठवड्यातून दोनदा चोवीस तास यंत्र लावायचं. एका ठिकाणाचे साधारण चोवीस नमुने होतात. राष्ट्रीय मानकं २००९ ची आहेत. पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) साठी वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि चोवीस तासांची ६०, पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे कण) साठी ६० आणि १००. पण त्याच मानकांत वार्षिक सरासरी काढायला वर्षभरात किमान १०४ मोजमापं लागतात असं म्हटलंय. चोवीस मोजमापांवर ‘वार्षिक मानकापेक्षा कमी’ असं लिहिता येत नाही. तरी ते लिहिलेलं सापडतं. तसंच ९८ व्या शतमकाचं, म्हणजे ज्याच्याखाली ९८ टक्के मोजमापं येतात त्या आकड्याचं. चोवीस आकड्यांचं ९८ वं शतमक म्हणजे जवळपास त्यातला सर्वांत मोठा आकडाच. तो वेगळ्या रकान्यात छापल्याने माहितीत काही भर पडत नाही.

पीएम २.५ चं यंत्र मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतं. चोवीस तासांत होतात २४ घनमीटर. हवेत ३० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर कण असतील तर फिल्टरवर जमणारी सगळी धूळ ७२० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाऊण मिलिग्रॅमपेक्षाही कमी. फिल्टर आधी आणि नंतर तोलायचा आणि फरक काढायचा. तोलण्याआधी दोन्ही वेळा तो ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवायचा, नाहीतर कागदाने शोषलेलं बाष्पच धूळ म्हणून मोजलं जातं. चांगला सूक्ष्म तराजू एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचतो. आता अहवालात ‘३२.४७’ असा आकडा असेल तर दुसऱ्या दशांश स्थळाचा अर्थ होतो ०.२४ मायक्रोग्रॅम वजन. ते त्या तराजूवर दिसतच नाही. दोन दशांश छापणं हा खोटेपणाचा पुरावा नाही, गणकयंत्रातून आलेला आकडा तसाच उतरवला असेल. पण मापनाची अनिश्चितता कुणी लक्षात घेतलेली नाही, एवढं त्यातून निश्चित कळतं.

आकड्यांचा नैसर्गिकपणाही बघावा. खरी हवा चंचल असते. एखाद्या ठिकाणचे चोवीसच्या चोवीस आकडे ५२ ते ५८ मध्येच खेळत असतील तर शंका घ्यावी. ऑक्टोबर ते डिसेंबरचा ऋतू असेल तर दिवाळीच्या आसपासच्या तारखा शोधाव्यात, गावातही त्या दिवसांत आकडा उडी घेतो. पीएम २.५ ला पीएम १० ने भागून बघावं. प्रत्येक ओळीत उत्तर ०.४० च्या जवळपास येत असेल तर एक आकडा मोजलेला आणि दुसरा त्यावरून काढलेला असण्याची शक्यता मोठी. उन्हाळ्यात शेताची, रस्त्याची जाड धूळ वाढते आणि हे गुणोत्तर घसरतं, हिवाळ्यात चुलीच्या आणि काडीकचऱ्याच्या धुराने ते चढतं. ते एका जागी थिजून राहत नाही. जवळच्या शहरात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं स्वयंचलित केंद्र असेल तर त्याच तारखांचे तिथले आकडे उतरवून शेजारी ठेवावेत. पातळी वेगळी असणारच, पण चढउतार साधारण एकाच वेळी यायला हवेत.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर कधी दिसत नाही: वीज. खेड्यात चोवीस तास सलग वीज मिळेलच असं नाही, आणि वीज गेली की यंत्र थांबतं. म्हणून यंत्राच्या घड्याळाचं सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन नोंदवायचं असतं. आठही गावांत सगळे नमुने बरोबर चोवीस तासांचे असतील तर त्या नोंदींच्या प्रती मागाव्यात. सोबत फिल्टरच्या वजनांची कच्ची नोंदवही, यंत्राच्या कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आणि नमुना घेतानाचे अक्षांश-रेखांशासह फोटो. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर समाधान मानू नये. मान्यता घटकवार असते, आणि आपल्याला हवा तो घटक त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेत आहे का हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर दिसतं.

पाण्याच्या तक्त्यात लक्ष ठेवायचं ते ‘बीडीएल’ या तीन अक्षरांवर, म्हणजे शोधमर्यादेखाली. मर्यादा किती ते शेजारी लिहिलेलं नसेल तर त्या नोंदीला किंमत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, आर्सेनिक आणि शिशासाठी लिटरला ०.०१ मिलिग्रॅम सांगतं, कॅडमियमसाठी ०.००३ आणि पाऱ्यासाठी ०.००१. प्रयोगशाळेची आर्सेनिकची शोधमर्यादाच ०.०२ असेल तर मानकाच्या दीडपट आर्सेनिक असलेलं पाणीही तिथं ‘बीडीएल’ म्हणून छापलं जाईल. वीज प्रकल्पाच्या राखेच्या तळ्याजवळच्या विहिरींचे नमुने असतील तर ही तपासणी सोडू नये.

ऋतू, वारा आणि दहा किलोमीटर

विदर्भात मार्च ते मे हवा तापून उंच चढते, धूर वर पसरतो आणि विरळ होतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि त्याच चिमणीचा, त्याच चुलींचा धूर माणसाच्या उंचीवर साठतो. म्हणून वीज प्रकल्पाचा किंवा स्पंज आयर्न कारखान्याचा अभ्यास फक्त उन्हाळ्यात केलेला असेल तर वायू आणि बारीक कणांच्या बाबतीत सर्वांत वाईट काळ वगळला गेलाय असं स्पष्ट लिहावं. कोकणात गणित निराळं. तिथं दिवसा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून वारा वाहतो, त्यामुळे दिवसाच्या वाऱ्यावर बेतलेली केंद्रं रात्रीच्या धुराची दिशा चुकवतात. अहवालातलं वाऱ्याचं चक्र (विंड रोज), म्हणजे वारा कुठून किती वाहतो ते दाखवणारी आकृती, घ्यावं, वारा ज्या दिशेने जातो तिकडं नकाशावर रेघ ओढावी आणि त्या रेघेवर किती मापन केंद्रं येतात ते मोजावं. एकही येत नसेल तर पुढचं वाचायला फार उरत नाही.

अभ्यासक्षेत्र साधारण दहा किलोमीटर त्रिज्येचं असतं. पाचशे मेगावॅटच्या संचाची चिमणी २७५ मीटर उंच असते, आणि ती इतकी उंच बांधतात ती धूर दूर जाऊन विरावा म्हणूनच. तो दहा किलोमीटरच्या वर्तुळाच्या आत थांबत नाही. त्यात चिमणीतला सल्फर डायऑक्साइड वाटेत सल्फेटचे बारीक कण बनतो. धूर कुठवर आणि किती पसरेल याचा अंदाज काढायला ईआयएत सर्रास वापरलं जाणारं एरमॉड हे संगणकी प्रारूप या रूपांतराचा हिशोब करत नाही. म्हणजे अहवालात ‘पीएमची भर’ म्हणून येते ती फक्त चिमणीतून थेट निघणाऱ्या राखेची. ट्रकची वाहतूक, कोळशाचा ढीग, राख भरणं-उतरवणं हे जमिनीलगतचे स्रोत प्रारूपात घेतलेत का ते प्रारूपाच्या आदान (इनपुट) तक्त्यात बघावं. गावकऱ्यांना रोज छळते ती धूळ बहुधा तिथलीच असते. शेजारी आधीच मंजूर झालेले पण अजून सुरू न झालेले प्रकल्प हिशोबात धरलेत का, हाही प्रश्न विचारावा. ते आजच्या बेसलाइनमध्ये, म्हणजे प्रकल्पाआधीच्या मोजमापांत, नसतात आणि या प्रकल्पाच्या भरीतही नसतात, त्यामुळे दोन्हीकडून निसटतात.

ओपीडीच्या नोंदवहीतून काय कळतं

आरोग्याची सद्यस्थिती म्हणून एक तक्ता असतो: दमा ४२, क्षय १७, हिवताप शून्य. खाली ‘स्रोत: प्राथमिक आरोग्य केंद्र’. या बेचाळीसचा अर्थ छेद, म्हणजे ते किती लोकांमागे आहेत, हे कळल्याशिवाय लागत नाही. सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण तीस हजार लोकसंख्या धरतात, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार. बेचाळीस रुग्ण की बेचाळीस भेटी? एकच आजी महिन्यातून दोनदा पंप न्यायला आली तर ती वर्षात चोवीस वेळा मोजली गेली का? खोकला-दम्यासाठी माणसं गावातल्या खासगी डॉक्टरकडं जातात का? डॉक्टरचं पद सहा महिने रिकामं होतं का? पद रिकामं असलं की कागदावर आजार कमी होतात. गावागावात नेमकं काय चाललंय हे आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना ठाऊक असतं. त्यांना विचारल्याची एक ओळही अहवालात नसेल तर आरोग्याचं वर्णन टेबलावर बसून लिहिलंय असं मी धरतो.

काही अहवालांत आरोग्य शिबिर घेऊन दोनशे लोक तपासलेले असतात. शिबिराला येतात ते ज्यांना वेळ आहे किंवा ज्यांना काही होतंय ते. मजुरीला गेलेला माणूस येत नाही. हे झालं निवडीचं. संख्येचं सांगायचं तर, समजा परिसरात दम्याचं प्रमाण खरोखर ४ टक्के आहे. दोनशे लोकांच्या यादृच्छिक नमुन्यातून येणारं उत्तर ९५ टक्के खात्रीने १.३ ते ६.७ टक्क्यांच्या दरम्यान पडेल. पाच वर्षांनी पुन्हा दोनशे तपासले आणि प्रमाण ६ टक्के निघालं, तर ती वाढ की योगायोग, हे सांगता येणार नाही. अधिक-उणे एक टक्क्यापर्यंत नेमकेपणा हवा असेल तर सुमारे १,४७५ माणसं लागतात. गावं निवडून त्यांतली घरं घेतली तर त्याच्याही दुप्पट धरलेली बरी. बेसलाइन आरोग्य सर्वेक्षणाचा हेतू पुढं तुलना करण्याचा असतो. जे सर्वेक्षण दुपटीपेक्षा कमी वाढ पकडूच शकत नाही, त्याच्या आधारावर दहा वर्षांनी ‘आजार वाढलेले नाहीत’ असं म्हटलं जाईल. म्हणून नमुन्याचा आकार कसा ठरवला हा प्रश्न आजच विचारायचा.

डोस कुणाचा काढला

जिथं रीतसर धोक्याचं गणित केलेलं असतं, तिथं गृहीतकं वाचावीत. पाण्यातल्या फ्लोराइडचं उदाहरण घेतो, कारण चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत ते पाण्यात मुळातच आहे. सूत्र सोपं: पाण्यातलं प्रमाण गुणिले रोज पिलेलं पाणी, भागिले वजन. आलेला डोस संदर्भ डोसने, म्हणजे रोज घेतला तरी अपाय होणार नाही असं धरलेल्या डोसने, भागायचा. उत्तर एकच्या आत असेल तर काळजी नाही असं धरतात. अमेरिकी पर्यावरण संस्थेचा फ्लोराइडसाठीचा संदर्भ डोस किलोमागे दिवसाला ०.०६ मिलिग्रॅम आहे.

पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या मानकाच्या अनुज्ञेय मर्यादेवर बरोबर. अमेरिकेची जुनी ठरावीक गृहीतकं घेतली, सत्तर किलोचा माणूस आणि दोन लिटर पाणी, तर उत्तर येतं ०.७१. सुरक्षित. आता मे महिन्यात रानात काम करणारी पन्नास किलोची बाई घ्या, दिवसाला सहा लिटर पाणी. उत्तर येतं ३. पंधरा किलोचं मूल घ्या, दीड लिटर पाणी. उत्तर २.५. पाणी तेच, विहीर तीच. त्यातही ०.०६ हा आकडा ठरवलाय तो मुलांच्या दातांवर डाग पडण्याच्या परिणामावरून. म्हणजे मुलांसाठी आखलेली रेषा सत्तर किलोच्या प्रौढाला लावून ‘सुरक्षित’ म्हटलं गेलं. असल्या तक्त्यात वजन आणि पाणी हे दोन रकाने आधी शोधावेत. तिथं ७० आणि २ दिसले, तर स्थानिक आकड्यांनी गणित पुन्हा करून द्यायला दहा मिनिटं लागतात. मंजुरीचा अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोर असं केलेलं गणित पाच पानी निवेदनापेक्षा जास्त बोलतं.

हवेचंही असंच. बारीक कणांच्या वार्षिक सरासरीत दर १० मायक्रोग्रॅम वाढीमागे एकूण मृत्यूदर सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांमागच्या आढाव्यात हे प्रमाण ६ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान दिलंय. समजा एक लाख वस्ती आहे आणि वर्षाला सातशे मृत्यू होतात. प्रकल्पामुळे तिथली वार्षिक सरासरी २ मायक्रोग्रॅमने वाढली तर वर्षाला साधारण दहा-अकरा मृत्यू अधिक, पल्ला आठ ते बाराचा. अहवालात हीच २ ची भर ‘मानकाच्या ५ टक्के, नगण्य’ म्हणून नोंदली जाते. मानकाच्या आत राहणं म्हणजे अपाय नसणं, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं पीएम २.५ चं वार्षिक मूल्य ५ आहे, आपलं मानक ४०.

हे गणित करताना एक घसरण टाळायची. अहवालात मिळते ती भर बहुधा एका बिंदूवरची, चोवीस तासांतली कमाल असते. ती उचलून एक लाख लोकसंख्येला गुणलं तर उत्तर भरमसाट फुगतं आणि समितीतला पहिलाच तज्ज्ञ ते खोडून काढतो. वार्षिक सरासरीची भर लागते, आणि ती गावागावाच्या लोकसंख्येने भारित करून. अहवालात ती नसेल तर तीच मागणी करावी: वार्षिक सरासरी भर गाववार द्या, आणि तिच्यावरून आरोग्य परिणाम काढा.

दर्जाची श्रेणी आणि तिची मर्यादा

मँचेस्टर विद्यापीठात ईआयए अहवाल तपासण्याची एक पद्धत बसवलेली आहे. अहवालाचे चार विभाग करायचे: प्रकल्प आणि परिसराचं वर्णन, मुख्य परिणामांची ओळख आणि मूल्यमापन, पर्याय आणि उपाययोजना, मांडणी. प्रत्येक विभागातल्या उपप्रश्नांना ए ते एफ अशी श्रेणी द्यायची आणि खालून वर चढत एकूण श्रेणीला पोचायचं. तिचा जीव एका अटीत आहे: दोघांनी एकमेकांशी न बोलता श्रेणी द्यायची आणि मगच बसून फरक मिटवायचा. गावात शिक्षक, आरोग्यसेवक, पदवीची मुलं असतात, दोघं सहज मिळतात. ही पद्धत वापरताना आरोग्याच्या उपप्रश्नांची भर घालावी, नाहीतर सुबक नकाशे आणि रंगीत तक्त्यांच्या जोरावर अहवाल बी श्रेणीत बसतो.

घाई दर्जाला कशी मारते याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. विषारी कचऱ्याच्या जागांचं आरोग्य मूल्यांकन करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेला १९८६ च्या कायद्याने सुमारे ९५० जागांचे अहवाल डिसेंबर १९८८ पर्यंत पुरे करायला लावले. अहवाल वेळेत झाले. १९९१ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ते तपासले आणि अपुरे व संशयास्पद उपयोगाचे ठरवले. आपल्याकडचा नमुना निराळा आहे. केंद्रीय मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला २००९ मध्ये ८३.८८ आणि तारापूरला २०१८ मध्ये ९३.६९ गुण मिळाले, सत्तरच्या वर म्हणजे अतिप्रदूषित. या निर्देशांकाच्या २०१६ च्या सुधारित रूपात आरोग्याचा भाग परिसरातल्या तीन ते पाच मोठ्या रुग्णालयांतले रुग्ण दोन वर्षांत किती टक्क्यांनी वाढले यावर काढतात. नवं रुग्णालय उघडलं, विमा योजना आली किंवा नोंदणी सुधारली तरी रुग्ण वाढतात. आणि वर्षानुवर्षं आजारी असलेल्या परिसरात ते वाढतही नाहीत, कारण आधीच भरपूर असतात. निर्देशांक टाकाऊ नाही, पण त्याचा आरोग्याचा घटक कुठल्याही ईआयएत पुरावा म्हणून आला तर हे सांगावं.

अट वाचली की उपयोग कळतो

आता तिसरा प्रश्न, काय बदललं. यासाठी अहवालाचं दहावं प्रकरण, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापन योजना, आणि नंतर मंजुरीच्या पत्रातल्या अटी वाचायच्या. आरोग्यासाठी ठेवलेले पैसे कशाला आहेत? मोफत चष्मे, नेत्र शिबिर, रुग्णवाहिका. चांगल्या गोष्टी आहेत, गावाने घ्याव्यात. पण धुळीने होणाऱ्या आजारावर चष्मा हा उपाय नाही, आणि अशा खर्चाला परिणाम कमी करण्याचा उपाय म्हणू देऊ नये. परिणाम कमी होतो तो बंद पट्ट्यावरून कोळसा नेण्याने, राखेचे ट्रक गावाबाहेरून वळवण्याने, तळ्याला अस्तर घालण्याने, चिमणीवर सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्याने.

‘परिसरातील नागरिकांची आरोग्य तपासणी नियमितपणे करावी’ अशी अट मंजुरीत सापडते. नियमितपणे म्हणजे कधी, कुणी, किती जणांची, आणि काय आढळलं तर काय करायचं, यातलं काहीच त्यात नाही. अशी अट मोडताच येत नाही, म्हणून ती पाळलीही जात नाही. हरकतीत आपणच अट लिहून द्यावी. उदाहरणार्थ: राखेच्या तळ्याभोवतीच्या दहा ठरलेल्या विहिरींचं पाणी दर तीन महिन्यांनी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासावं, आर्सेनिक, शिसं, पारा, फ्लोराइडचे आकडे शोधमर्यादेसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, एखादा घटक मानक ओलांडेल तर सात दिवसांत पर्यायी पाणीपुरवठा सुरू करावा आणि तीस दिवसांत गळतीचा शोध घ्यावा. यातल्या प्रत्येक वाक्याला ‘केलं की नाही’ असं विचारता येतं.

हरकत लेखी द्यावी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात सुनावणीआधी देऊन पोच घ्यावी, आणि सुनावणीत तिचाच गोषवारा बोलून तो इतिवृत्तात आला का ते वाचून बघावं. प्रत्येक मुद्द्यासमोर पान क्रमांक आणि तक्ता क्रमांक लिहावा. ‘प्रदूषण वाढेल’ या वाक्याला ‘उपाययोजना केल्या जातील’ हे उत्तर पुरतं. ‘पान २१४ वरच्या तक्त्यात आर्सेनिकची शोधमर्यादा मानकाच्या दुप्पट आहे’ याला ते पुरत नाही. दक्षिण गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २००९ रोजी सांगितलं की सुनावणीतल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार केला आणि तो कारणांसह केला, हे नोंदीतून दिसायला हवं. नेमकी हरकत असेल तरच हा निकाल कामाला येतो.

मंजुरी आलीच तर ती प्रकल्पधारकाने सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करायची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायला तीस दिवस मिळतात, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी साठ. आपल्याकडची प्रकरणं पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठापुढं जातात. अपील करायचं नसलं तरी १ जून आणि १ डिसेंबर या तारखा लिहून ठेवाव्यात. दर सहा महिन्यांनी याच तारखांना अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्यातले हवेचे आकडे ईआयएच्या बेसलाइनशेजारी ठेवावेत, ठिकाण तेच आणि ऋतू तोच घेऊन. चालू कारखान्याभोवतीची हवा कारखाना नसतानाच्या हवेपेक्षा स्वच्छ दिसत असेल, तर त्या नमुन्यांच्या वजनांची नोंदवही माहिती अधिकारात मागायची.